रंगाआधी भिंत

मे महिना संपत आला की गावोगावच्या शाळांना आणि पंचायत कार्यालयांना रंगरंगोटीचे वेध लागतात. जूनमध्ये भिंती उजळून निघतात. परंतु पावसाळा सरतो न सरतो तोच कोपऱ्यांत पोपडे सुटू लागतात, खालच्या पट्ट्यावर पांढरी भुकटी दिसू लागते आणि दोष रंगाच्या डब्यावर येतो. वास्तविक रंगाचे आयुष्य डब्यातील रंगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याखालच्या भिंतीवर अवलंबून असते. जुने थर काढून भिंत तयार करणे हे रंगकामाचे अर्धे अंग होय. आणि शाळेच्या बाबतीत तर तो मुलांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

भिंतीची पारख

प्रथम कोरड्या तळहाताने भिंत पुसून पाहावी. हाताला पांढरे लागले तर वरचा थर भुसभुशीत झाला आहे असे समजावे. त्यानंतर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर तेथील गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. तिसरी परीक्षा ओलीची. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतच मुरलेली आहे.

ओल असेल तर आधी तिचे मूळ शोधावे. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, गळका नळ, भिंतीला लागून चढलेली माती ही नेहमीची कारणे. त्यांचा बंदोबस्त न करता दिलेला रंग टिकत नाही. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर साचतात, त्यालाच लोणा म्हणतात. तो पाण्याने धुऊ नये. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून तो गोळा करून फेकावा. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट देणेही टाळावे. अशा भिंतीतील ओल पृष्ठभागावाटे उडून जात असते. ती वाट बंद झाली की पाणी आतच कोंडते आणि अधिक वर चढते. तेथे चुन्याची सफेदीच योग्य.

जुना थर काढताना

चुन्याचे वर्षानुवर्षांचे हात साचून जाड कवच तयार होते. नवा रंग वाळताना हे कवच ओढले जाते आणि रंगासकट निघून येते. अशी भिंत पाण्याने भिजवून पातीने खरवडावी. सरस घातलेला जुना डिस्टेंपर कोमट पाणी आणि ब्रश यांनी बराचसा निघतो. भिंतीला घट्ट धरून असलेला ऑइलपेंट मात्र उगाच उकरू नये. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो पुसावा, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि ओल्या वॉटर पेपरने त्याची चकाकी तेवढी मारावी. नवा हात त्यावर नीट बसतो.

शिशाचा धोका

जुन्या ऑइलपेंटमध्ये सफेदा, शेंदूर यांसारखी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. केंद्र शासनाने 2016 मध्ये नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित केले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून त्याहून अधिक शिसे असलेल्या अशा रंगांच्या उत्पादनावर बंदी आली. त्यापूर्वी रंगवलेली दारे, खिडक्या आणि वर्गांतील कमरेइतके रंगीत पट्टे अद्याप पुष्कळ ठिकाणी तसेच आहेत. शिशाची धूळ लहान मुलांच्या हाताबोटांवाटे पोटात जाते व मेंदूच्या वाढीस अपाय करते. शरीरातील शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे म्हणता येत नाही.

म्हणून 2017 पूर्वीचा प्रत्येक ऑइलपेंट शिशाचा आहे असे धरूनच काम करावे. तो कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळू तर मुळीच नये. सतत ओला ठेवून खरवडावा. बाके बाहेर काढून जमिनीवर प्लॅस्टिक अंथरावे. काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पोपडे पिशवीत बांधावेत. ते मैदानात, बागेत किंवा चुलीत जाऊ देऊ नयेत. रंगाऱ्याने धूळ अडवणारा योग्य मुखपट्टा वापरावा, हात धुतल्याखेरीज खाऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. काम चालू असताना मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

भरणी आणि वेळापत्रक

बद्द वाजणारा गिलावा पाडून नवा करावा. चिरा किंचित रुंद करून, धूळ झाडून, ओलावून भराव्यात. खड्डे लांबीने सारखे करून त्यावर प्रायमर द्यावा. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे व त्यानंतर सुमारे चार आठवडे सुकू द्यावे. गिलावा ओला असताना त्यातील अल्कली ऑइलपेंटमधील तेलाचा साबण करते आणि रंग सुटतो. याचा अर्थ उघड आहे: जूनमध्ये शाळा रंगवून हवी असेल तर गवंडी एप्रिलमध्येच यावयास हवा.

या कामाची अडचण एवढीच की ते डोळ्यांत भरत नाही. रंग सर्वांना दिसतो, खरवडलेली भिंत कोणी पाहत नाही. म्हणून काटकसर नेमकी तेथेच होते. अंदाजपत्रकात ओलीचा बंदोबस्त, खरवडणे व भरणी यांची चौरस मीटरनुसार स्वतंत्र बाब दाखवावी. मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांनी एक पाहणी रंगाचा पहिला हात देण्यापूर्वी करावी. त्या दिवशी तळहात भिंतीवर फिरवावा. तो स्वच्छ राहिला तर रंगाऱ्याने पुढे जाण्यास हरकत नाही.