सर्वांत चांगला देश कोणता?

परदेशी स्थायिक झालेली माणसे सणावाराला एकत्र जमली, म्हणजे गप्पांच्या ओघात एक वाद हमखास निघतो. राहण्यासाठी जगात सर्वांत चांगला देश कोणता? कोणी म्हणतो, "जेथे कष्टाचा मोबदला भरपूर मिळतो, तो." दुसरा म्हणतो, "नुसता पैसा घेऊन काय करायचे? जेथे रात्रीदेखील रस्त्याने निर्धास्त चालता येते आणि गरिबालाही श्रीमंताइतकेच चांगले औषध मिळते, तो देश चांगला." तिसऱ्याला शाळा महत्त्वाच्या वाटतात, तर चौथ्याला हवापाणी. इतक्यात एखादी आजी म्हणते, "जेथे माझ्या भाषेत बोलणारी शेजारीण दाराशी येते, तोच माझा चांगला देश." वाद रंगतो, चहा निवून जातो, पण निकाल मात्र लागत नाही.

हा निकाल आकड्यांच्या साहाय्याने लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत. लोक किती वर्षे जगतात, किती शिकतात आणि त्यांचे उत्पन्न किती असते, या तीन गोष्टी मोजून संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम १९९० सालापासून देशांची क्रमवारी प्रसिद्ध करीत आला आहे. २०१२ साली जागतिक आनंद अहवाल निघू लागला. त्यासाठी लोकांनाच विचारतात, "शून्य ते दहा अशा पायऱ्यांची एक शिडी आहे असे समजा. तुमचे आयुष्य आज कोणत्या पायरीवर आहे?" या अहवालात २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी फिनलंड हा देश पहिला आला.

अशा याद्यांना नाक मुरडणे योग्य नव्हे. ज्या देशात तान्ही मुले औषधावाचून दगावत नाहीत आणि प्रत्येक मुलीला शाळेची वाट मोकळी असते, तो देश त्या बाबतीत पुढे आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तथापि यादी सांगते ती सरासरी. माणूस देश निवडतो तो आपल्या एकुलत्या एका आयुष्यासाठी. ती निवड कशी होते, हे पाहावयाचे असेल, तर फार दूर जावयास नको. आपल्या वर्धा जिल्ह्याशी संबंध आलेल्या तीन व्यक्तींची चरित्रे पुरेशी आहेत. एकाचा येथे जन्म झाला, एकीने येथे आपली कर्मभूमी केली आणि एकाने येथे देह ठेवला.

पहिली व्यक्ती डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. कापसाच्या आणि ज्वारीच्या या मुलखात, वर्ध्यास, १८८४ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच त्यांच्या मनाने देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास घेतला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मायभूमी सोडली. जपानमार्गे ते अमेरिकेस पोचले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला आणि गदर चळवळीच्या उभारणीतही भाग घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे जर्मनीत राहून १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला गेले. मायदेशी परतणे शक्य नव्हते, कारण इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

मेक्सिकोत ते चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. त्याच वेळी गरीब शेतकऱ्यांना नवे ज्ञान मिळावे, म्हणून मोफत शेतीशाळाही चालविल्या. भाषा परकी, पीक वेगळे. पण पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी ओळखीचाच होता! दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा थोर चित्रकार. त्याने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक भव्य चित्र रंगविले. भोवती बसलेल्या लोकांना भाकरी मोडून देणारा एक पुरुष त्या चित्रात आहे, आणि तो म्हणजे आपले खानखोजे होत.

भारत स्वतंत्र झाला, तरी जुन्या काळ्या यादीमुळे त्यांच्या परतण्यात काही काळ अडथळे आले. अखेर १९५५ साली ते नागपूरला येऊन राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच निवर्तले. २०२२ साली मेक्सिकोत त्यांचा पुतळा उभारण्यात आला. ज्या देशात ते आश्रयासाठी गेले, त्या देशानेही त्यांना आपले मानले.

दुसरी व्यक्ती याच्या उलट दिशेने आली. इंग्लंडच्या आरमारातील एका मोठ्या अधिकाऱ्याची कन्या मॅडेलिन स्लेड हिचा जन्म १८९२ चा. घरी वैभवाला उणे नव्हते. बीथोव्हन या थोर संगीतकाराच्या रचनांचे तिला वेड होते. फ्रेंच साहित्यिक रोमां रोलां यांच्याकडून तिला महात्मा गांधींविषयी कळले आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमतीच्या आश्रमात दाखल झाली. गांधीजींनी तिचे नाव मीराबेन ठेवले.

वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात मीराबेन गांधीजींच्याही आधी राहावयास गेल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे आले, तेव्हा गावास धड रस्ता नव्हता, टपालकचेरी नव्हती. हिवताप मात्र पुष्कळ होता. देशांच्या क्रमवारीप्रमाणे गावांचीही क्रमवारी त्या वेळी कोणी लावली असती, तर सेगावचा क्रमांक तळाशीच लागला असता. त्या गावात या आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने झाडू हाती घेतला, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि माती, बांबू व कौले वापरून झोपडी बांधली. पुढे गांधीजी राहिले ती बापूकुटी हीच. तिच्या भिंतीवर मीराबेननी मातीतून उठविलेली झाडे पाहण्यास आजही लोक जातात. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाचे साम्य असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई; म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम असे झाले.

मीराबेन येथेच कायमच्या राहिल्या असतील, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. भारतासाठी त्यांनी कारावास सोसला, स्वातंत्र्यानंतर हिमालयाच्या पायथ्याशी गोसेवेचे व शेतीचे काम केले. परंतु गांधीजींच्या निधनानंतर मन हळूहळू निराळ्या वाटेकडे ओढू लागले. १९५९ साली त्यांनी भारत सोडला आणि बीथोव्हनच्या संगीताच्या ओढीने ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या रानात घर केले. भारत सरकारने त्यांना 'पद्मविभूषण' देऊन गौरविले. १९८२ साली त्या निवर्तल्या. चौतीस वर्षे त्यांनी या देशाला दिली. त्या गेल्या म्हणून ती चौतीस वर्षे खोटी ठरत नाहीत. मनुष्याच्या हृदयात दोन देशांना जागा असू शकते.

तिसरी व्यक्ती आचार्य धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. भगवान बुद्धांची शिकवण मुळातून जाणून घ्यावी, या एकाच तळमळीने त्यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत ते श्रीलंकेस पोचले. तेथे व पुढे ब्रह्मदेशात त्यांनी पाली ग्रंथांचे अध्ययन केले. देश त्यांनी सोयींसाठी निवडला नाही. ज्ञान जेथे भेटेल, तो देश त्यांचा!

पुढे त्यांची विद्वत्ता सर्वत्र मान्य झाली. कलकत्त्यास राहिले असते, तर त्यांना चांगले वेतन मिळाले असते. परंतु बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, यासाठी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये त्यांनी पसंत केले. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगावा, ही त्यामागची इच्छा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथसंपादनासाठी अनेकदा बोलाविले. ते रशियातील लेनिनग्राड येथेही जाऊन आले. पण प्रत्येक वेळी परतले, आणि १९३० साली मिठाच्या सत्याग्रहातही सामील झाले. अखेरचे दिवस त्यांनी सेवाग्रामात घालविले. ४ जून १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या काही आठवड्यांवर आले असता, तेथेच त्यांचे निधन झाले.

आता या तिघांना आरंभीच्या त्या वादात बसवून पाहा. तिघांची उत्तरे निरनिराळी येतील. कारण तिघांचे प्रश्नच निरनिराळे होते. खानखोजे यांच्यापुढे प्रश्न होता, "परतीची वाट बंद असता मी कोठे उपयोगी पडेन?" मीराबेनपुढे प्रश्न होता, "माझे मन मला कोठे बोलावते?" कोसंबींपुढे दोन प्रश्न होते, "मी कोठे शिकू?" आणि "शिकलेले कोणाला देऊ?" प्रश्न ठरल्यावाचून 'चांगला देश' या शब्दांना अर्थच येत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. देश निवडता येणे हेच मोठे भाग्य आहे. मीराबेन आपल्या इच्छेने आल्या आणि आपल्या इच्छेने गेल्या. खानखोजे यांना मात्र घराची आठवण येत असूनही तीस-चाळीस वर्षे घरचे दार बंद होते. आजही युद्धामुळे वा दुष्काळामुळे गाव सोडणाऱ्या माणसाला कोणी यादी दाखवून विचारत नाही, की बाबा, तुला कोणता देश हवा? तो जेथे पोचतो, तेथील लोक त्याला कसे वागवितात, हीदेखील देशाच्या चांगुलपणाची कसोटी आहे. मेक्सिको त्या कसोटीला उतरला. आपल्या गावी ऊसतोडीला, बांधकामाला वा विटभट्टीवर दुरून येणारी कुटुंबे आपली हीच परीक्षा घेत असतात.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी हिंगणघाटला राहील, कोणी पुण्यास जाईल, कोणी सातासमुद्रांपलीकडे. जाणाऱ्याला कृतघ्न म्हणू नये आणि राहणाऱ्याला भित्रा म्हणू नये. मात्र जेथे असाल तेथे शाळा, दवाखाना, पाणी यांची तुलना जरूर करा. इतरत्र जे चांगले आहे, ते येथे का नाही, असे धीटपणे विचारा. सेगावात रस्ता नव्हता, तेव्हा तेथे जाणारी माणसे ते गाव चांगले आहे म्हणून गेली नाहीत. ती गेली आणि कामाला लागली. मग जगभरची माणसे त्या गावाची वाट विचारू लागली.

स्वाध्याय

१. देशांची क्रमवारी लावताना कोणत्या गोष्टी मोजतात? त्यांपैकी तुम्हांला कोणती सर्वांत महत्त्वाची वाटते? का?
२. खानखोजे यांना मेक्सिकोतील शेतकरी परका का वाटला नाही?
३. 'मनुष्याच्या हृदयात दोन देशांना जागा असू शकते.' हे विधान मीराबेन यांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.
४. धर्मानंद कोसंबी यांनी कमी वेतन का पसंत केले?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नाक मुरडणे, ध्यास घेणे, कसोटीला उतरणे, कर्मभूमी.
६. दुसऱ्या गावाहून वा प्रांतातून तुमच्या गावी राहावयास आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिला येथे काय आवडले आणि कशाची उणीव भासते, ते दहा ओळींत लिहा.