आपा, चहा सांडला!

रविवारची सकाळ होती. माझ्या धाकट्या भावाच्या हातून काचेचा पेला फुटला. त्याने काचा पलंगाखाली लपवल्या. थोड्या वेळाने दादीने केर काढायला तिथे हात घातला. एक काच तिच्या बोटात रुतली. अम्मीने पट्टी बांधली.

अब्बांनी भावाला जवळ बसवले. त्यांनी हळू आवाजात विचारले, "बेटा, काचा का लपवल्यास?"

तो रडत म्हणाला, "परवा शाई सांडली, तेव्हा आपा मला गाढव म्हणाली. आजही म्हणाली असती."

मी मान खाली घातली.

अब्बा म्हणाले, "पेला कोणाच्याही हातून फुटतो. पण काच लपवली की कोणाला तरी लागते. पुढच्या वेळी लगेच सांग. चल, मी काचा उचलतो, तू सुपली धर."

अब्बा शिक्षक आहेत. नंतर ते मला म्हणाले, "२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. मग घरात कसे बोलावे? चूक जरूर दाखवावी, पण मुलाला नावे ठेवू नयेत. 'गाढव' म्हटल्याने शाई पुसली जात नाही. 'फडके आण, आपण पुसू' म्हटल्याने पुसली जाते."

पुढच्या आठवड्यात भाऊ स्वतःच धावत आला. "आपा, तुझ्या वहीवर चहा सांडला! फडके कुठे आहे?"

शब्दार्थ
रुतणे – टोचून आत शिरणे
सुपली – केर भरण्याचे साधन
नावे ठेवणे – दोष देणे, हिणवणे

स्वाध्याय
१. भावाने काचा का लपवल्या?
२. 'मान खाली घालणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
३. 'तू आळशी आहेस' याऐवजी तुम्ही काय म्हणाल?