शरदातले पाणपाहुणे

नालछ्याहून मांडवगडावर जाणारी मंडळी महाल पाहतात आणि परततात. जहाज महालाच्या एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कापूर तलाव; पण त्या पाण्याकडे घटकाभर निरखून पाहणारा विरळाच. घटस्थापनेपासून पुढे माळव्यातील कोणत्याही तळ्याशी अवश्य थांबावे, अशी आमची सूचना आहे.

श्रावणात तळे काठोकाठ भरलेले असते, तेव्हा पाहुणे थोडे. पाणी ओसरू लागले, की काठाशी चिखलाची पट्टी उघडी पडते. तीत किडे, गोगलगायी आणि पाणगवताचे बी असते. तुतवार, धोबी हे लहान पक्षी तेथे आधी उतरतात. बदके मागाहून येतात. थापट्या आपल्या पसरट चोचीने पाणी गाळतो, जणू पीठच चाळतो. तलवार बदक शेपूट वर करून डोके बुडवते. खोल पाण्यात त्याची मान तळाशी पोचत नाही. म्हणून पक्षी शोधायचे ते मधल्या खोल पाण्यात नव्हे, उथळ काठाशी.

लडाख-तिबेटकडचा चक्रवाक तांबूस-केशरी रंगामुळे दुरूनही ओळखू येतो. रात्री या जोडीची ताटातूट होते, ही कविकल्पना. प्रत्यक्षात तो रात्रीही चरतो आणि साद घालतो. काळा वारकरी मात्र नावाप्रमाणेच कपाळी पांढरा टिळा लावून असतो. मुलांना तो प्रथम दाखवावा.

पहाटे जावे, सूर्य पाठीशी घ्यावा, कपडे मातकट असावेत. मुलांना काठाने धावू देऊ नये.

हा उथळ काठच आता धोक्यात आहे. धार रस्त्यावर इंदूरच्या वेशीशी होळकरांच्या काळचा सिरपूर तलाव आहे. सांडपाणी आणि अतिक्रमण यांनी तो ग्रासला होता. भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. मोंढे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2022 मध्ये 161 हेक्टरांचे सिरपूर जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आले. त्याच वर्षी इंदूरजवळचा यशवंतसागरही त्या यादीत गेला.

आपल्या गावच्या तळ्याला कोणी यादीत घालणार नाही. तेव्हा काठ बांधून, फरशी घालून तळे 'सुशोभित' करण्याचा ठराव सभेपुढे आला, तर चिखलाची ती पट्टी निदान एका बाजूला तरी मोकळी ठेवा, एवढे सभासदांनी उठून सांगावे.