वीज जाते तेव्हा : राऊटरला पर्यायी वीज जोडताना घ्यावयाची दक्षता

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. कळवा व पडघा या आपल्याच जिल्ह्यातील केंद्रांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरील बिघाड त्यास कारणीभूत ठरला. ते दिवस ऑनलाइन वर्गांचे होते. भ्रमणध्वनीची बॅटरी भरलेली असूनही घरातील राऊटर बंद पडल्याने अनेकांचे वर्ग थांबले. तेव्हापासून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत राऊटरसाठी छोटा यूपीएस आला. तो जोडण्याची योग्य रीत प्रत्येक घरास ठाऊक असणे हिताचे आहे.

प्रथम राऊटरच्या ॲडॉप्टरवरील मजकूर वाचावा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. काही ९ किंवा ५ व्होल्टवर. यूपीएसचे व्होल्टेज तंतोतंत तेवढेच हवे. अँपिअर मात्र तेवढे वा त्याहून अधिक असल्यास हरकत नाही, कारण उपकरण आवश्यक तेवढाच प्रवाह घेते. पिनेतील धन व ऋण टोकांचे चिन्हही जुळवून पाहावे. फायबरचे ओएनटी स्वतंत्र असल्यास त्यालाही वीज लागते, हे विसरू नये.

आता वेळेचे गणित. राऊटर ८ वॅट व ओएनटी ५ वॅट घेत असेल, तर एकूण भार १३ वॅट. बॅटरीची क्षमता ४० वॅट-तास असून त्यातील ८० टक्के, म्हणजे ३२ वॅट-तास, उपयोगी पडले, तर ३२ भागिले १३, म्हणजे सुमारे अडीच तास जोडणी टिकेल. मात्र सोसायटीच्या जिन्यातील स्विचला पर्यायी वीज नसेल, तर घरातील व्यवस्था व्यर्थ ठरते. यास्तव ती बाब सभेत मांडावी.

घरात इन्व्हर्टर असल्यास तो यूपीएस मोडवर ठेवावा, म्हणजे वीज जाताच राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होणार नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी, देवघरातील दिवा व गॅसशेगडीपासून दूर असावी. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा जोडू नये.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने जनरेटरची वीज भिंतीतील सॉकेटमध्ये सोडणे. मेन स्विच चालू राहिल्यास ती वीज उलट दिशेने रोहित्रात शिरते व तेथून उच्च दाबाने वाहिनीवर जाते. बंद समजून त्या वाहिनीला हात लावणाऱ्या वायरमनचा त्यात प्राण जाऊ शकतो. म्हणून परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

आपल्या घरचा वर्ग अखंड चालावा, ही इच्छा रास्तच आहे. परंतु खांबावर चढलेला तो कामगारही कोणाच्या तरी घरचा आधार असतो, याचे भान जोडणी करणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे.