उलट्या शब्दाचा सुलटा उपयोग



आपल्या पुस्तकात विरुद्धार्थी शब्द असतात. दिवस × रात्र, सुख × दुःख, चढ × उतार. आपण ते पाठ करतो, पेपरात लिहितो अन् मग विसरून जातो. पण विरुद्धार्थी शब्द फक्त पाठ करायसाठी नसतात. त्यांचा एक मोठा उपयोग आहे. वाचता वाचता एखादा अनोळखी शब्द आला, तर त्याच्या जवळ बसलेला उलट अर्थाचा शब्द आपल्याला त्याचा अर्थ सांगतो. शब्दकोश जवळ नसला तरी काम होते. हे कसे करायचे ते मी या लेखात सांगते.

पहिले एक सोपे वाक्य घेऊ.

"थोरला भाऊ उदार होता, धाकटा मात्र कृपण होता."

कृपण हा शब्द आपल्याला माहीत नाही असे समजा. पण उदार माहीत आहे. उदार म्हणजे दुसऱ्याला हात मोकळा सोडून देणारा. मधात 'मात्र' हा शब्द आहे. 'मात्र' सांगतो की आता गोष्ट पलटली. म्हणजे धाकटा देणारा नव्हता. तो कंजूस होता. झाला अर्थ!

आमचे गुरुजी 'मात्र' सारख्या शब्दांना दाराची बिजागरी म्हणतात. बिजागरीवर दार जसे फिरते, तसे या शब्दांवर वाक्य फिरते. अशा बिजागऱ्या पुष्कळ आहेत. पण, परंतु, मात्र, उलट, याउलट, तरी, नव्हे, नसून, ऐवजी. 'हे असे आहे, तर ते तसे आहे' यातला 'तर' पण बिजागरीच. हे शब्द दिसले की थांबायचे.

आता पायऱ्या सांगते.

१. अनोळखी शब्दावर अडून बसू नका. पूर्ण वाक्य वाचा.
२. वाक्यात बिजागरी कोठे आहे ते शोधा.
३. बिजागरीच्या दुसऱ्या बाजूला ओळखीचा शब्द कोणता ते पाहा.
४. त्या ओळखीच्या शब्दाचा अर्थ उलटा करा.
५. तो अर्थ अनोळखी शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचा. वाक्य बरोबर लागले पाहिजे.
६. नंतर गुरुजींना किंवा शब्दकोशाला विचारून खात्री करा.

ही झाली रीत. आता आपल्या भागातील खरी उदाहरणे पाहू.

बालाघाट आणि पाईनघाट

आपल्या वऱ्हाडाचे जुन्या काळी दोन भाग मानत होते. एक बालाघाट आणि दुसरा पाईनघाट. कोणी पयानघाट पण म्हणतात. बालाघाट म्हटले की आपल्याला वाटते, बाल म्हणजे लहान मूल, मग हा काय पोरांचा घाट आहे काय? येथे उलट शब्दाची मदत घ्यावी. पुस्तकात असे वाक्य असेल, "पाईनघाट म्हणजे डोंगराखालचा सपाट प्रदेश, तर बालाघाट याच्या उलट." खालच्याच्या उलट काय? वरचा. म्हणजे बालाघाट हा घाटाच्या वरचा प्रदेश. हे दोन्ही शब्द फारसी भाषेतून आले आहेत. फारसीत बाला म्हणजे वर आणि पाईन म्हणजे खाली. पूर्णा नदीच्या काठची अमरावती-अकोल्याची काळी सपाट जमीन पाईनघाटात येते.

गोडे पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीतील पाणी खारे लागते. आता हे वाक्य वाचा. "या गावच्या विहिरीचे पाणी खारे आहे, पण शेजारच्या गावात गोडे पाणी लागले." गोडे म्हणजे साखर टाकलेले काय? नाही. उलट शब्द खारे आहे, म्हणून येथे गोडे म्हणजे खारे नसलेले, पिता येईल असे.

येथे एक मौज आहे. एकाच शब्दाला जागेप्रमाणे वेगळा उलट शब्द लागतो. पाणी गोडे × खारे. चहा गोड × फिका. बोलणे गोड × कडू. म्हणून पाठ केलेली जोडी सगळीकडे लावू नये. वाक्यात कोणता उलट शब्द आहे ते पाहूनच अर्थ धरावा.

सात-बाराचा कागद

आई-बाबांनो, हे उदाहरण तुमच्यासाठी आहे. सात-बारा उताऱ्याच्या खालच्या भागाला गाव नमुना बारा म्हणतात. त्यात कोणत्या वर्षी कोणते पीक होते ते लिहिलेले असते. तेथे दोन अवघड शब्द येतात. एक जलसिंचित आणि दुसरा अजलसिंचित. आमच्या घरी बाबा म्हणाले, "हे काय लिवलं हाय, मले तं काही समजत नाही." मी म्हटले, "बाबा, दोन्ही शब्द जवळजवळ लिहिले आहेत आणि दुसऱ्याला पुढे अ लावला आहे. म्हणजे ते एकमेकांच्या उलट आहेत." जल म्हणजे पाणी, सिंचन म्हणजे पाणी देणे. म्हणून जलसिंचित म्हणजे ओलिताचे पीक आणि अजलसिंचित म्हणजे कोरडवाहू. बाबा म्हणाले, "मंग असं सरळ काहून नाही लिवत!"

हे समजणे जरुरीचे आहे. अतिवृष्टीने पीक बुडाले तर सरकारी मदतीचा दर जिरायत जमिनीला वेगळा आणि बागायत जमिनीला वेगळा असतो. जिरायत म्हणजे कोरडवाहू, बागायत म्हणजे ओलिताची. २०२१ सालापासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक मोबाईलवरून स्वतः नोंदवतात. ज्याला शब्द समजत नाही, त्याच्या पिकाची नोंद भलत्याच रकान्यात जाऊ शकते. म्हणून घरातील शिकणाऱ्या पोरांनी आई-बाबांच्या जवळ बसून शब्द वाचून दाखवावे.

बाजाराची बातमी

पेपरात येते, "कापसात तेजी, तुरीत मात्र मंदी." बिजागरी 'मात्र' आहेच. मंदी म्हणजे मंद होणे, भाव उतरणे. मग तेजी म्हणजे भाव चढणे. तसेच "आवक वाढली की भाव पडतात, आवक घटली की भाव चढतात." आवक म्हणजे बाजारात येणारा माल. त्याच्या उलट जावक. ग्रामपंचायतीत पण आवक-जावक नावाचे रजिस्टर असते. आलेले कागद आवकमध्ये, पाठवलेले कागद जावकमध्ये.

औषधाचा कागद

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगते. औषधाच्या बाबतीत शब्द नाही समजला तर नुकसान होते.

माझ्या आजीला आशाताईंनी कागदावर लिहून दिले होते, "ही गोळी अनशापोटी घ्यावी, जेवणानंतर नव्हे." आजी म्हणाली, "अवं पोरी, अनशापोटी म्हंजे काय वं?" मी वाक्य दोनदा वाचले. 'नव्हे' ही बिजागरी आहे. तिच्या जवळ जेवणानंतर हा शब्द आहे. जेवणानंतर नाही, तर काय? काही न खाता, उपाशीपोटी. मी आजीला म्हटले, "आजी, काही खायच्या पहिले घे म्हन्ते." मग आम्ही आशाताईंना विचारून खात्री केली. त्या म्हणाल्या, "बरोबर. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी." पाहा, उलट शब्दाने अर्थाची दिशा दाखवली आणि विचारल्याने खात्री झाली. औषधाच्या बाबतीत नुसत्या अंदाजावर राहू नये. विचारावेच.

दुसरे औषध शेतातले. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून फवारणीच्या डब्यासोबतचे माहितीपत्रक वाचता आले पाहिजे. समजा त्यात असे वाक्य आहे, "हवामान अनुकूल असताना फवारणी करावी, जोराचा वारा असलेल्या प्रतिकूल हवेत करू नये." 'करावी' आणि 'करू नये' हे एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून अनुकूल आणि प्रतिकूल हे पण उलट असणार. जोराचा वारा वाईट, म्हणजे प्रतिकूल म्हणजे आपल्या कामाच्या आड येणारे. अनुकूल म्हणजे कामाला सोयीचे.

त्याच पत्रकात विषावरील उतारा असतो. उतारा शब्द आपल्याला पुष्कळ ठिकाणी भेटतो. पुस्तकातील उतारा वाचायचा असतो. सात-बाराचा उतारा काढून आणायचा असतो. कपाशीचा एकरी उतारा म्हणजे एका एकरात किती क्विंटल कापूस झाला ते. मग विषावरील उतारा म्हणजे कोणता? जवळचा शब्द पाहा. विष अंगात चढते. चढच्या उलट उतार. जे विष उतरवते ते विषावरील उतारा. ते औषध डॉक्टर देतात. म्हणून कोणाला विषबाधा झाली तर त्याला लवकर दवाखान्यात न्यावे आणि तो डबा व पत्रक सोबत न्यावे.

डब्यावर रंगाचा त्रिकोण पण असतो. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. येथे उलट शब्दाने फसू नका. लालच्या उलट हिरवा, म्हणून हिरवा म्हणजे बिनविषारी, असे मुळीच नाही. हिरवा म्हणजे कमी विषारी. पण विषारीच.

सावधान! सगळेच अ उलटे नसतात

पुढे अ, नि, ना, गैर लागले की बहुतेक वेळा अर्थ उलटा होतो. शुद्ध × अशुद्ध, रोगी × निरोगी, सुपीक × नापीक, हजर × गैरहजर. पण नेहमीच असे होत नाही.

अमोल म्हणजे मोल नसलेला, फुकटचा, असे नाही. ज्याचे मोल करता येत नाही इतका मोलाचा, तो अमोल. निरोप म्हणजे रोप नसलेला वावर नव्हे. अडत म्हणजे 'डत'च्या उलट नव्हे. अकोला म्हणजे कोल्हा नसलेला गाव, असे तर कोणीच म्हणणार नाही! अचलपूरच्या नावात मात्र अचल दिसतो. चल म्हणजे हलणारा, अचल म्हणजे न हलणारा. म्हणून पायरी ५ विसरू नका. अर्थ वाक्यात ठेवून वाचा. तो बसला नाही तर सोडून द्या.

एका मोठ्या माणसाचे वाक्य

संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांच्याबद्दल मी हे वाक्य तयार केले आहे. "गाडगेबाबा निरक्षर होते, तरी सर्व मुले साक्षर व्हावीत म्हणून ते झटले." 'तरी' ही बिजागरी. साक्षर म्हणजे वाचता-लिहिता येणारा. मग निरक्षर म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो. बाबांनी शाळा आणि वसतिगृहे काढली. कीर्तनात ते लोकांना सांगत की पोरांना शिकवा. १९८३ साली अमरावतीत विद्यापीठ झाले. आज त्या विद्यापीठाला बाबांचेच नाव आहे. वाचता न येणाऱ्या माणसाचे नाव विद्यापीठाला! ज्या आई-बाबांना वाचता येत नाही त्यांनी मनात लाज धरू नये. पोरांना शाळेत धाडावे आणि त्यांच्याकडून रोज एक कागद वाचून घ्यावा.

आता तुम्ही करून पाहा

खालील वाक्यात बिजागरी कोणती आणि अवतरणातील शब्दाचा अर्थ काय?

१. मेळघाटात जंगल घनदाट आहे, तर पूर्णेच्या काठी झाडी 'विरळ' आहे.
२. चिखलदऱ्याची हवा 'शीतल' असते, याउलट उन्हाळ्यात अकोल्याची हवा तापलेली असते.
३. हिवाळ्यातील ऊन 'सुसह्य' असते, उन्हाळ्यातील मात्र सहन होत नाही.
४. गावाने 'परावलंबी' न राहता स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज सांगत.

उत्तरे : १. तर, दूर दूर असलेली, दाट नसलेली. २. याउलट; थंड. ३. मात्र; सहन होण्यासारखे. ४. न राहता, दुसऱ्यावर अवलंबून असलेले.

या भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद लावला आहे. तुम्हाला घरी, बाजारात, बँकेत, दवाखान्यात जो शब्द अडला असेल तो त्यावर लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आम्हाला सांगावे, आम्ही लिहून घेऊ. शनिवारी सगळे मिळून त्याचा अर्थ शोधू.

इयत्ता ४ थीची विद्यार्थिनी