प्लेअर घेण्याआधी

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मासिकाच्या ताईंनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले आहेत, उरलेल्या चुका सांभाळून घ्या. लेख मात्र मराठीतच लिहायचा होता. या सगळ्याची सुरुवात आजोबांपासून झाली, आणि त्यांना आपल्या मासिकाचा इंग्लिश सेक्शन वाचायचा कंटाळा येतो.

झालं असं की गेल्या दिवाळीत आजोबांनी त्यांच्या सगळ्या कॅसेट्स मला देऊन टाकल्या. रेडिओवरून टेप केलेलं गाणं, मैफली, कुमारजी, भीमसेनजी. शंभरेक तरी असतील. सोबत एक पाकीट, आत वीस हजार रुपये. "अगं, ते मोबाईलला लावून पत्र्याच्या डब्यासारखं ऐकू नकोस. चांगलं मशीन घे," म्हणाले. त्यांना पेन्शन किती मिळतं ते मला माहीत आहे. त्यामुळे 'चांगलं मशीन' म्हणजे नक्की काय, हे नीट शोधल्याशिवाय ते पाकीट उघडायचं नाही असं ठरवलं. होस्टेलवर अर्ध्या मुली कानात काहीतरी घालूनच फिरतात, म्हणून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी मी केलेला गाढवपणा. शहरातल्या एका दुकानात गेले. काकांनी एक साधा प्लेअर ऐकवला, मग तिप्पट किमतीचा. "पडदा बाजूला सरकल्यासारखं वाटतं की नाही?" वाटलं! अगदी खरंच वाटलं. नशीब, पैसे होस्टेलवर राहिले होते. नंतर लक्षात आलं की दुसऱ्या प्लेअरचा आवाज थोडा मोठा होता. आपल्या कानाची गंमत अशी की एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा' म्हणून जाणवत नाही, तो 'चांगला' म्हणून जाणवतो. बास जरा भरल्यासारखा, आवाज जरा मोकळा. त्यामुळे आवाज सारखा न करता केलेली कुठलीही तुलना फुकट समजा, मग ती दुकानात केलेली असो नाहीतर मैत्रिणीच्या खोलीत.

आता थोडी थिअरी. बेसिक इलेक्ट्रॉनिक्सला केटी लागलेल्यांनाही समजेल इतकीच. प्लेअरमध्ये मुख्य तीन गोष्टी असतात: फाइल, त्या आकड्यांचं व्होल्टेज बनवणारा डॅक, आणि ते व्होल्टेज हेडफोनला पुरवणारा अॅम्प्लिफायर. जाहिरात सगळी पहिल्या दोघांची. १९२ किलोहर्ट्झ, ३२ बिट, वगैरे. पण साधी सीडी बघा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स, प्रत्येक १६ बिटांचं, दोन चॅनल्स. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १४११ किलोबिट. नायक्विस्टच्या नियमाने यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाच्या कानाची हद्द २० किलोहर्ट्झला संपते, तीही लहानपणी. १६ बिटांमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. आपल्या खोलीतला पंखा तीनवर असताना त्यातले खालचे कितीतरी डेसिबल आधीच बुडालेले असतात.

२००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी यावर एक पेपर छापला होता. हाय-रेझोल्यूशन डिस्क वाजवायची, मध्येच गुपचूप तिला सीडीच्या दर्जातून गाळून घ्यायचं, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ५५४ वेळा ऐकवलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. म्हणजे छापा-काटा. आता आजोबांच्या कॅसेट्सचा विचार करा. साध्या कॅसेटमध्ये हिस्स आणि गाणं यांच्यात पन्नास-पंचावन्न डेसिबलचं अंतर मिळालं तरी पुष्कळ झालं. बिटांच्या भाषेत जेमतेम नऊ. ते २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये साठवणं म्हणजे एक वाटी आमटी न्यायला लग्नाचं पातेलं काढण्यासारखं आहे. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचीही तीच गोष्ट.

म्हणून फाइलबद्दल फार डोकं लावू नका. ज्याची मूळ प्रत जपायची आहे ते फ्लॅकमध्ये ठेवा. त्यात काहीच गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. नुसतं ऐकायला ३२०चं एमपीथ्री पुरतं. एका तासाला १४४ एमबी. १२८चं मात्र टाळा, टाळ्या आणि झांजांमध्ये पाण्याखालून आल्यासारखा आवाज ऐकू येतो. आणि शास्त्रीय संगीत ऐकणार असाल तर एक गोष्ट जरूर तपासा: गॅपलेस प्लेबॅक आहे का. अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत असे दोन वेगळे ट्रॅक असतात. एमपीथ्रीमध्ये सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी सॅम्पल्स भरलेली असतात. प्लेअरने ती कापली नाहीत तर तानपुरा चालू असताना मध्येच भोक पडतं. जाहिरातीत जे ठळक अक्षरांत असतं त्याच्यापेक्षा हे भोक जास्त त्रास देतं.

आता अॅम्प्लिफायर. खरा अभ्यास इथे आहे.

प्रत्येक प्लेअरच्या जॅकमागे थोडा स्वतःचा रोध असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. हेडफोनचा इम्पिडन्स त्याच्या सिरीजमध्ये येतो. झाला व्होल्टेज डिव्हायडर, फर्स्ट इयरचा. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा असता तर नुसता आवाज कमी झाला असता. पण तो बदलतो. समजा एखादा इयरफोन खालच्या स्वरांना ३२ ओहम आणि वरच्या स्वरांना ८ ओहम आहे. प्लेअरचा इम्पिडन्स १० ओहम असेल तर खालच्यांना व्होल्टेजचा ७६ टक्के हिस्सा मिळतो आणि वरच्यांना ४४ टक्के. फरक साडेचार डेसिबलच्या वर! म्हणजे इयरफोन बनवणाऱ्याने जो आवाज ठरवला होता तो तुम्ही ऐकतच नाही. तोच इम्पिडन्स १ ओहम असता तर फरक एका डेसिबलच्या आत राहिला असता. ढोबळ नियम असा की प्लेअरचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी हवा.

कंपनी हा आकडा छापतेच असं नाही. पण आपण इंजिनीअर आहोत (होणार आहोत), मोजू की! १०० हर्ट्झची साइन वेव्ह वाजवा. एक हजार हर्ट्झची नको, स्वस्त मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या मेन्ससाठी बनवलेले असतात आणि वर गेलं की खोटं बोलू लागतात. जॅकला काहीही न जोडता एसी व्होल्टेज बघा. मग ३३ ओहमचा रेझिस्टर आडवा लावून पुन्हा बघा. पहिल्या रीडिंगला दुसऱ्याने भागा, एक वजा करा, ३३ ने गुणा. संपलं. माझ्या फोनच्या छोट्या यूएसबी-सी डाँगलला रेझिस्टर लावल्यावर रीडिंग जवळजवळ हललंच नाही. लॅबमधल्या एका जुन्या डेस्कटॉपचा पुढचा जॅक मात्र ०.५० वरून थेट ०.१६ वर आला. हिशेब करा, ७० ओहम! त्या पीसीवर माझे इयरफोन का बेसूर वाटायचे ते त्या दिवशी कळलं. लॅब असिस्टंट सर आधी रागावले, मग स्वतःच दुसरे दोन पीसी मोजत बसले.

दुसरा प्रश्न जोराचा. ३२ ओहमच्या हेडफोनला एक मिलिवॉट द्यायला ०.१८ व्होल्ट लागतात, ३०० ओहमच्याला ०.५५. चांगलं डाँगल एक व्होल्टच्या आसपास देतं. म्हणजे इयरफोन आणि साध्या हेडफोनसाठी ते भरपूर झालं. ३०० ओहमचे मोठे स्टुडिओवाले हेडफोन हळू आवाजात ऐकणाऱ्याला चालतील, पण त्यांच्यासाठी खरोखर जास्त व्होल्टेजचा प्लेअर किंवा वेगळा अॅम्प घेण्यात अर्थ आहे. उलट अतिसंवेदनशील इयरफोनला दांडगा अॅम्प लावला की आलापाच्या शांत जागी बारीक 'स्स्स' ऐकू येतो. पैसे जास्त आणि आवाज वाईट, असंही होतं. खरेदी करताना गाणं थांबवून, आवाज वाढवून नुसती शांतता ऐका. दुकानदार बघत बसेल, बघू दे.

मग आम्ही परीक्षा घेतली. फायनल इयरच्या एका सिनियरकडे तसाच महागडा प्लेअर होता, तो एका रात्रीपुरता मागून आणला. विरुद्ध बाजूला माझं हजारभर रुपयांचं डाँगल. दोन्हींचं व्होल्टेज हेडफोन जोडलेला असतानाच एक टक्क्याच्या आत जुळवलं. रूममेटने माझ्याकडे पाठ करून, नाणं उडवून, कुठलंही एक लावायचं आणि मी ओळखायचं. सोळा वेळा. सोळापैकी बारा किंवा जास्त नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे, म्हणून बारा ही पासिंगची रेषा ठरवली. मला पाचव्या-सहाव्या वेळी शंभर टक्के खात्री होती की महागड्यात तानपुऱ्याची जव्हारी जास्त खुलते. निकाल: नऊ. सिनियरने स्वतः दिली, तिला सात. ती अर्धा तास आमच्याशी बोलली नाही. तिच्या प्लेअरबद्दल मी वाईट काही म्हणत नाही. बॅटरी दोन दिवस पुरते, मोठं कार्ड मावतं, बटणं खरी आहेत, आणि ऐकताना ग्रुपवरचे मेसेज टपकत नाहीत. त्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या. अभ्यासाच्या वेळी फोन कपाटात बंद ठेवायचा असेल तर तेवढं एकच कारणही पुरे. फक्त आवाजासाठी घेत असाल तर आधी नाणं उडवा.

फरक कुठे पडतो? हेडफोनमध्ये. दोन डाँगल्समधला फरक शोधावा लागतो, दोन हेडफोन्समधला आंधळ्यालाही कळतो. आणि होस्टेलवर पहिला प्रश्न 'आवाज कसा' हा नाही, 'बाहेरचं किती अडवतो' हा आहे. मागून उघडे असलेले हेडफोन फार सुंदर वाजतात, पण आपल्या खोलीत पंखा, शेजारच्या खोलीतली अंताक्षरी आणि खालचा पंप, सगळं आत येतं. वर तुमचं गाणं रूममेटला फुकट. कानात नीट बसणारे इयरफोन वीसेक डेसिबल अडवतात. 'नीट बसणारे' म्हणजे रबर योग्य मापाचं. डब्यात तीन मापं असतात आणि आपण सगळे मधलंच वापरतो. माझ्या उजव्या कानाला मोठं लागतं, डाव्याला मधलं. हे कळल्यावर जो बास परत आला तो कुठल्याही प्लेअरने दिला नसता.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. फर्स्ट इयरला मी रोज लोकलने यायचे आणि बाहेरचं काहीही न अडवणारे इयरफोन घालायचे. गाडीच्या खडखडाटावर गाणं ऐकू यायला आवाज फुल. सेकंड इयरच्या परीक्षेच्या वेळी रात्री लाइट गेले, पंखा थांबला, आणि उजव्या कानात बारीक शिट्टी ऐकू आली. मला वाटलं इन्व्हर्टर. इन्व्हर्टर नव्हता. डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला. रेघ सरळ जाते जाते आणि ४ किलोहर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण असते, असं त्या म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असं आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९२ वर गेलात की आठवड्याचे अडीच तास. लोकलमध्ये ते तीन दिवसांतच संपायचे माझे. आत्ता लिहितानाही शिट्टी आहे, पंखा चालू असला की ऐकू येत नाही एवढंच. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झचा प्लेअर घेऊ का असं मला कोणी विचारलं की मी आधी तिच्या फोनवरची आवाजाची पट्टी बघते.

शेवटी वीस हजारांचं काय झालं ते सांगते. डाँगल होतंच. नीट अडवणारे इयरफोन घेतले, तीन हजारांच्या आत. मग जाणवलं की साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा कॅसेट डेक आहे, ज्यावरून हे सगळं कम्प्युटरवर उतरवायचं होतं. आजोबांच्या डेकचा पट्टा सैल झाला होता, तानपुरा हळूहळू उतरत जायचा. शहरातल्या जुन्या रेडिओवाल्या काकांकडून पट्टा बदलून घेतला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मग काकांनी मला एक गोष्ट शिकवली. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा टेपशी असलेला कोन बदलतो. तो कोन जरा जरी चुकला तरी वरचे स्वर गायब. टेप चालू ठेवून स्क्रू एक अष्टमांश फिरवला, आणि इतके दिवस धुक्यात असलेला तबला एकदम समोर आला. पडदा बाजूला सरकणं हे! आणि हे नाणं न उडवताही माझ्या रूममेटला ओळखता आलं. एकूण खर्च सातशे रुपये.

उरलेले पैसे आजोबांना परत द्यायला गेले तर घेत नाहीत. म्हणाले, कॅसेट्स संपेपर्यंत ठेव, पट्टा पुन्हा सैल होईल. आतापर्यंत एकोणीस उतरवून झाल्या आहेत, रोज रात्री जेवणानंतर एक बाजू. मल्टीमीटर मी लॅबला परत केलाय, पण ३३ ओहमचा रेझिस्टर माझ्या कंपासपेटीत आहे. कोणाला आपला फोन मोजायचा असेल तर मेसमध्ये भेटा.