दारी आलेला वसुलीदार

वाचकहो, आषाढीची वारी करून माळकरी घरी येतो, पताका खुंटीला लावतो, तोच दोन अनोळखी माणसे ओट्यावर येऊन बसतात. म्हणतात, "तुमच्या वडिलांच्या नावावर जुनं कर्ज आहे. आज पाचशे रुपये टाका, या कागदावर सही करा, म्हणजे झालं." गडी लाजतो. गळ्यात माळ आणि दारात वसुली! शेजारीपाजारी काय म्हणतील? लाजेपोटी तो सही करून मोकळा होतो, आणि खरा अडकतो तो तिथेच. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

देहूच्या तुकोबारायांचे घर सावकारीचे. परंपरा सांगते, त्यांनी खतांचे दोन वाटे केले; अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. यावरून कोणी म्हणेल, ऋण बुडविणे संतांना मान्य होते. तसे नव्हे. बुवांनी स्वतःचे येणे सोडले, भावाच्या वाट्याला हात लावला नाही. येणे सोडणे धनकोच्या हाती. ऋणकोने खरे देणे नाकारू नये. पण खरे कोणते, हे पाहिल्यावाचून मान डोलावणे हाही धर्म नव्हे.

आधी तीन गोष्टी विचाराव्या. कोण मागतो? बँकेच्या माणसाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे. खाते दुसऱ्या कंपनीला विकले असेल, तर त्याचा कागद मागावा. सावकार असेल तर परवाना पाहावा. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी हा गुन्हा आहे.

कशाचे मागतो? मूळ करार, भरणा आणि व्याज यांचा लेखी हिशोब घ्यावा. वडिलांचे कर्ज असेल तर वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी केवळ मुलगा म्हणून कोणी हिंदू पुत्र बांधलेला नाही. मात्र आपण जामीन राहिलो असू, तर गोष्ट वेगळी.

केव्हाचे मागतो? विनातारण कर्जाच्या दाव्याला 1963 च्या मुदत कायद्याने साधारणतः 3 वर्षे, जमीन गहाण असेल तर 12 वर्षे. कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल, तर त्याच्या बजावणीलाही 12 वर्षे. पतसंस्थेच्या वसुलीची रीत निराळी, ती विचारून घ्यावी. आता त्या सहीचे मर्म पाहा. मुदत संपण्याआधी सहीनिशी कबुली दिली, किंवा थोडे पैसे भरून तशी सही केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून धरतात. मुदत उलटल्यावरही "हे देणे मी देईन" असे लिहून सही केली, तर 1872 च्या करार कायद्याने ते वचन बांधते. म्हणून ओट्यावर बसून सही नको. "कागद ठेवून जा, वाचून लेखी उत्तर देतो," एवढेच नम्रपणे म्हणावे.

त्रासही मुकाट्याने सोसू नये. बँकेच्या वसुलीदाराने सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, शिवीगाळ वा चारचौघांत अपमान करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तारीख-वेळ वहीत टिपावी, बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही. सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे, दमदाटीची पोलिसांत. कोर्टाचे समन्स आले तर मात्र घरी बसू नये. देणे जुने असले तरी हजर राहून तसे सांगावे. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करावी. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हिशोब पाहून देणे खरे ठरले, तर? कायद्याची मुदत सरली तरी मनातली सरत नाही, हे आम्ही लपवीत नाही. ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी, शेवटची तडजोड लेखी घ्यावी, भरल्याची पावती आणि 'बाकी नाही' असा दाखला घ्यावा. देणे खोटे ठरले, तर एक पैही देऊ नये. दोन्ही वेळा मान ताठच राहते. कारण निर्णय भयाने झालेला नसतो, विचाराने झालेला असतो.

रामकृष्णहरी.